बावीस मिनिटांचा सुपरहिरो

टीव्हीवर तो एका झटक्यात बस उचलतो. पडद्यामागे तीच बस उचलायला आम्हाला नऊ दिवस लागले. एका नागपूरकर अ‍ॅनिमेटरची ही घामाघूम गोष्ट...

सीन असा आहे. पुलाचा कठडा तुटलाय. शाळेची बस अर्धी हवेत लटकतेय. आत मुलं किंचाळतायत. तेवढ्यात आपला हिरो येतो, बसखाली शिरतो, ती उचलतो आणि अलगद रस्त्यावर ठेवतो. मुलं टाळ्या वाजवतात. ब्रेक. चॉकलेटची जाहिरात.

टीव्हीवर हे सगळं अकरा सेकंदांत उरकतं. त्यातले चार सेकंद माझे. हिरो बस उचलतो, ते चार. आणि त्या चार सेकंदांनी २०२२ च्या मे महिन्यात माझी पार झोप उडवली होती.

आधी ओळख करून देते. मी नागपूरची, थ्रीडी अ‍ॅनिमेटर. काही वर्षं बाहेरगावी स्टुडिओत काढली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, शूटिंग्ज बंद पडली, पण कार्टूनच्या हिरोला ना मास्क लागतो ना सोशल डिस्टन्सिंग. आमचं काम चालूच राहिलं. स्टुडिओनं मशीन घरी नेऊ दिलं. मी ते उचलून धरमपेठेत आईबाबांच्या घरी आले आणि इथेच रुजले. शोचं नाव विचारू नका. कॉन्ट्रॅक्टमध्ये तोंडाला कुलूप आहे.

आमच्याकडे माझ्या करिअरबद्दलचा डायलॉग ठरलेला असतो. ‘मुलगी काय करते?’ ‘कार्टून करते.’ ‘अच्छा! आणि नोकरी?’

शेवटी एकदा बाबांना मी दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं. १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली होती. काड्या जराशा सरकवायच्या, एक फ्रेम टिपायची. पुन्हा सरकवायच्या, पुन्हा टिपायची. आम्हीही तेच करतो, फक्त काड्यांऐवजी कॉम्प्युटरमधल्या बाहुल्या सरकवतो. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे धंदा शंभर वर्षं जुना आहे. मग पगार एवढा नवखा का?’

तेहतीस हजार फ्रेम्सचा हिशोब

आता थोडं गणित, कंटाळू नका. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम्स लागतात. एपिसोड २२ मिनिटांचा. म्हणजे १,३२० सेकंद, म्हणजेच ३३,००० फ्रेम्स. एक फ्रेम कॉम्प्युटरमधून पक्की होऊन बाहेर पडायला, आमच्या भाषेत रेंडर व्हायला, समजा दहा मिनिटं लागली, तर एकट्या कॉम्प्युटरला एका एपिसोडसाठी साडेपाच हजार तास लागतील. दिवसात सांगायचं तर २२९. म्हणून स्टुडिओत ढीगभर मशीन्स एकत्र जुंपलेली असतात. त्याला म्हणतात रेंडर फार्म. शेती म्हटली की रात्रपाळी आलीच.

आणि रेंडर तर शेवटचा टप्पा. त्याआधी स्क्रिप्ट, मग आवाज. होय, आवाज आधी! डायलॉग रेकॉर्ड झाल्याशिवाय ओठ कसे हलवणार? मग स्टोरीबोर्ड, म्हणजे अख्खा एपिसोड कॉमिकसारखा चित्रांत. ती चित्रं आवाजाबरोबर लावली की कच्चा सिनेमा तयार होतो, तो अ‍ॅनिमॅटिक. जोक पडतोय का, फाइट लांबतेय का, ते सगळं इथेच कळतं. कारण इथे सीन कापला तर फक्त चित्रकाराचं मन दुखतं. पुढे कापला तर प्रोड्युसरचं.

त्यानंतर मॉडेल, मग रिग म्हणजे बाहुलीच्या आतला सांगाडा, मग आम्ही अ‍ॅनिमेटर, मग लायटिंग, कम्पोझिटिंग, साउंड, म्युझिक. एका एपिसोडवर डझनावारी माणसं काम करतात आणि शेवटी नावं अशी भर्रकन जातात की माझ्या आईला माझं नाव कधीच वाचता आलेलं नाही.

हिरोला उडणं सोपं, चालणं महाग

तुम्हाला वाटत असेल, सुपरहिरो म्हणजे मज्जा. तर ऐका. सगळ्यात सोपा शॉट कुठला? हिरो उडतोय तो. हात पुढे, शरीर ताठ, मागून आभाळ सरकवा. सगळ्यात वैतागाचा? हिरो गर्दीतून चालत येतो, केप हलतेय, बोलता बोलता खुर्चीवर बसतो. पायांचा घसरा नको, केप खुर्चीतून आरपार नको, गर्दीतल्या प्रत्येकाला काहीतरी काम हवं. असा शॉट स्क्रिप्टमध्ये एका ओळीचा असतो. ती वाचताना आमच्या पोटात गोळा येतो.

ही रडकथा आजची नाही. अमेरिकेत फ्लायशर स्टुडिओनं १९४१ मध्ये सुपरमॅनची पहिली कार्टून फिल्म केली. तिचं बजेट ५०,००० डॉलर, जे तेव्हा अफाट मानलं गेलं. पण टीव्ही आल्यावर असा पैसा कोण देणार? मग सुरू झाला जुगाड. जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी जानेवारी १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ आणला, दर आठवड्याला एक एपिसोड. चित्रं कमी काढायची आणि काढलेली जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायची, हा त्यांचा फंडा. १९६७ च्या ‘स्पायडरमॅन’मध्ये तर त्याच्या अंगभर असणारी जाळी मुखवटा, हातमोजे, बूट अशी मोजक्या ठिकाणीच ठेवली. दर चित्रात एवढ्या रेघा काढणार कोण? आणि इमारतींमधून झोके घेण्याचे तेच ते शॉट्स फिरून फिरून वापरले.

कधी कधी अशा युक्त्यांतून स्टाइलही जन्माला येते. १९९२ च्या ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ची बॅकग्राउंड्स काळ्या कागदावर रंगवली होती. पांढऱ्यावर अंधार चढवत बसण्यापेक्षा अंधारावर हवा तेवढाच उजेड टाकायचा. गॉथमची ती गूढ रात्र अशी आली. २०१८ च्या ‘स्पायडरमॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये नवखा माइल्स बऱ्याचदा मुद्दाम एकाआड एक फ्रेम सोडून हलवलाय, म्हणून तो अडखळत असल्यासारखा वाटतो. सराव झाल्यावर त्याची चाल सफाईदार होते.

आपल्याकडेही आता हिरोंची रांग आहे. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ २००८ मध्ये पोगोवर आला. पुण्याच्या रिलायन्स अ‍ॅनिमेशनचा ‘लिटिल सिंघम’ २०१८ मध्ये डिस्कव्हरी किड्सवर आला. २०११ च्या सिनेमातल्या बाजीराव सिंघमचा हा छोटा अवतार. पुण्यात काम मिळतं म्हटल्यावर आमच्या विदर्भातली किती पोरं ट्रेन पकडून तिकडे गेली, त्याला गणती नाही.

‘मुलं याची नक्कल करतील का?’

परत आपल्या बसकडे. पहिल्या स्टोरीबोर्डमध्ये हिरो दहाव्या मजल्याच्या गच्चीवरून थेट बसवर उडी मारत होता. झकास शॉट! टीममध्ये सगळे खुश. मग चॅनलचं उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता, ‘मुलं याची नक्कल करतील का?’

मुलांच्या चॅनलवर ही चाळणी असतेच. आग, चाकू, डोक्यावर फटका, उंचावरून उडी, सगळ्याला लाल शेरा. पहिल्यांदा डोकं सटकतं. अरे, तो सुपरहिरो आहे! तो गच्चीवरून उडी नाही मारणार, तर काय लिफ्टनं खाली येणार?

पण मग मला ‘शक्तिमान’ आठवला. १९९७ ते २००५ दूरदर्शनवर चाललेला. रविवारी दुपारी आमची अख्खी गल्ली टीव्हीसमोर. आणि शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवावरचे उद्योग केल्याच्या बातम्याही तेव्हाच छापून यायच्या. एपिसोडच्या शेवटी शक्तिमान स्वतः येऊन मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा, ते आठवतं ना? मीसुद्धा पाचवीत पलंगावरून गोल गोल फिरत उडी मारली होती. हनुवटीवर तीन टाके आहेत. अजून दिसतात.

गुपचूप नवा बोर्ड आला. हिरो आता रस्त्यानं धावत येतो, जमिनीवर पाय रोवतो आणि बस खालून उचलतो. उडी गेली. आता सगळा भार उचलण्यावर. म्हणजे माझ्यावर.

‘बस थर्माकोलची आहे का?’

माझा रोजचा कोटा दहा-बारा सेकंदांचा. त्या हिशोबानं चार सेकंद म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. दुपारी पाठवलं. संध्याकाळी डिरेक्टरचा मेसेज आला, ‘बस थर्माकोलची आहे का?’

दुसऱ्यांदा केलं. हिरोच्या कपाळावर आठ्या, दातओठ, हात थरथर. उत्तर, ‘आता हिरो अ‍ॅक्टिंग करतोय. बस अजून थर्माकोलचीच.’ तिसऱ्यांदा बस हळू उचलली, तर ती पाण्यात तरंगल्यासारखी दिसायला लागली. चौथ्यांदा काय केलं ते मी सांगणार नाही.

तुम्ही बँकेत असा, आयटीत असा, एजन्सीत असा, हा अनुभव तुम्हाला असणारच. क्लायंटला नक्की काय हवंय ते त्याला सांगता येत नाही, पण हे नकोय एवढं पक्कं माहीत असतं. फरक इतकाच, की इथे डिरेक्टर बरोबर होता. गंमत अशी आहे, की कॉम्प्युटरमध्ये कशालाच वजन नसतं. दहा टनांची बस आणि रुमाल, दोन्ही माउसच्या एकाच ओढीत वर जातात. वजन हे सगळं नाटक आहे आणि ते नाटक मला येत नव्हतं.

बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, ‘वजन बघायचं तर कळमन्यात जा. इथे एसीत बसून काय दिसणार?’

कळमन्यातली शिकवणी

सकाळी सहाला कळमना मार्केट. सहालाच ऊन चटका देत होतं. मिरचीच्या बाजूनं आलेल्या वाऱ्यानं ठसका लागला, डोळ्यांत पाणी. ट्रकमधून धान्याची पोती उतरत होती. पन्नास-पन्नास किलोंची. मी एका हमालकाकांना विचारून मोबाइल काढला आणि शूट करायला लागले.

काय दिसलं सांगू? पोतं पाठीवर आल्यावर माणूस क्षणभर काहीच करत नाही. गुडघे किंचित खाली जातात, मान खांद्यात शिरते, श्वास थांबतो. मग पाऊल. पावलं छोटी आणि भरभर, कारण वजन घेऊन थांबणं चालण्यापेक्षा कठीण. चेहऱ्यावर आठ्या नाहीत, दातओठ नाहीत. सगळं नाटक कमरेखाली.

काका खाली बसले, चहा घेतला. म्हणाले, ‘ताई, जोर पायात असते, हातात काई नसते. पह्यले पाय, मंग पोतं.’

मी कशासाठी शूट करतेय ते सांगितलं. त्यांना मजा वाटली. ‘तुमचा हिरो किती उचलते?’

‘दहा टन.’

‘आन् रोजी किती भेटते त्याले?’

‘काहीच नाही.’

काका हसले. ‘मंग कायचा हिरो बे तो!’

घरी येऊन तो व्हिडिओ मी एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. मग शॉट पहिल्यापासून केला. हिरो आधी पाय सरकवतो, एक थोडा पुढे. बसखाली खांदा लावतो. मान आत घेतो. जोर लावतो, पण बस हलत नाही. सहा फ्रेम्स, म्हणजे जेमतेम पाव सेकंद, ती जागची हलत नाही. मग तिचे टायर आधी फुगल्यासारखे सैल होतात आणि नंतर सांगाडा वर येतो. हिरोच्या बुटाखाली डांबराला बारीकशी चीर. चेहरा मी कोराच ठेवला.

डिरेक्टरचा मेसेज आला, ‘ओके. जड आहे.’ एवढंच. नववा दिवस होता. मी एकटीनं संत्रा बर्फीचा अख्खा बॉक्स संपवला.

लाइन गेली!

सगळं गोड झालं असं समजू नका. मे महिन्यातलं नागपूर, पारा ४५ ला टेकलेला. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे वाळ्याचा कूलर. माणसाला तो स्वर्ग, पण कॉम्प्युटरला ती दमट हवा म्हणजे विषच. म्हणून घरातला एकमेव एसी माझ्या मशीनला आणि आईबाबा हॉलमध्ये कूलरसमोर. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ‘आमच्याकडे कॉम्प्युटर एसीत झोपतो.’ दुपारी जरा लोड वाढला की लाइन जायची. यूपीएस किंचाळायला लागला की सेव्ह करून मशीन बंद करायला माझ्याकडे सात मिनिटं.

डिलिव्हरी शुक्रवारी. गुरुवारी रात्री एडिटमध्ये लक्षात आलं, की आधीच्या शॉटमध्ये हिरो डावीकडून धावत येतो आणि माझ्या शॉटमध्ये उजवीकडे तोंड असायला हवं ते डावीकडे आहे. बघणाऱ्याला वाटेल, हा मागे का वळला? नीट करायचं तर कॅमेरा बदलून सगळं पुन्हा रेंडर. वेळ नाही. कॉलवर एकानं सुचवलं, अख्खं चित्रच आरशासारखं उलटं करूया. पाच मिनिटांचं काम. रात्रीचे अडीच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, शॉट माझा होता. मी म्हटलं, ‘चालेल.’

एपिसोड वेळेत गेला. शनिवारी दुपारी मला झोपेतून जाग आली ती एकाच विचारानं. हिरोच्या छातीवर विजेचा बाण आहे. चित्र उलटं, म्हणजे बाणही उलटा. फोन केला, पण फाइल चॅनलकडे पोचली होती.

एअर झाला आणि...

दिवाळीच्या सुट्टीत दादा, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची कन्या घरी होते, तेव्हा तो एपिसोड लागला. मी मुद्दाम कुणाला काही सांगितलं नव्हतं. पुलाचा सीन आला. माझे चार सेकंद आले आणि गेले.

‘आत्या, त्याचा बाण उलटा झाला!’

एवढ्या मोठ्या टीमला जे रात्री अडीचला दिसलं नाही, ते हिला चकली खाता खाता दिसलं. मी कबूल केलं, चूक माझी. ती म्हणाली, ‘टीचरला सांगितलं का?’ मी म्हटलं, सांगितलं. टीचर रागावले का? थोडेसे. तिचं समाधान झालं. बसबद्दल ती काहीच बोलली नाही.

एपिसोड संपल्यावर मोठी माणसं फराळाकडे वळली. मी दारातून पाहिलं. ही दिवाणावरचा मोठा लोड खाली ओढून त्याच्यासमोर उभी. दिवाणावर चढली नाही. जमिनीवर दोन्ही पाय फाकवले, एक जरा पुढे. गुडघे वाकवले, मान आत घेतली, खांदा लावला. आणि क्षणभर थांबली.

मग उचलला.

मी कळमन्याला अधूनमधून जाते. काकांना तो सीन मोबाइलवर दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, ‘पाय बराबर हाय.’

बॉक्स: पुढच्या वेळी कार्टून बघताना हे शोधा!

पाय बघा. पाय फ्रेमबाहेर कापलेले असतील, तर समजा चालण्याचा खर्च वाचवलाय. आम्ही सगळेच करतो!

तोंड बघा. मास्क, पाठमोरा शॉट, ऐकणाऱ्याचा चेहरा, हे सगळं ओठ हलवण्यापासूनची सुटका.

रूपांतर बघा. हिरो हिरो बनतो तो झगमगता सीन प्रत्येक एपिसोडमध्ये तोच असतो. एकदा केला, वर्षभर खाल्ला.

थांबा बघा. जड वस्तू लगेच हलली तर अ‍ॅनिमेटर घाईत होता. क्षणभर अडली तर तो कुठेतरी जाऊन कुणाचं तरी काम नीट बघून आलाय.

आणि शेवटची नावं बघा. पॉज करून. आमच्या आयांसाठी.